पातेल्यातला शाम्पू

वैभवी,

गॅसवरच्या पातेल्यात चहा नाही वं, शाम्पू आहे. काल रिठा, शिकेकाई न् मेथी भिजवली होती, सकाळी उकळून कुस्करली. थंड झाल्यावर गाळून घेजो. लावतानी डोळे घट्ट मिट, रिठा लय झोंबते. उरलेला फ्रीजमध्ये ठेवजो.

कोंड्यापायी केसच कापून टाकते म्हणत होती ना? आधी यानं धुऊन पाहा, मंग ठरव. वाटीभर गार करून मी माह्या डोक्यावर लावून पाहिला. केस किती उरले ते तुले माहीत आहे, पण खाज कमी झाली. एवढ्याशा फळातून इतका फेस येते कसा, याचंच मले नवल वाटून राहिलं.

प्रमाण विचाराले मौद्याले तुह्या आईले फोन केला. दिवाळीपासून ती तिथं तुह्या मामाकडं, माह्यासंग बोलणं बंद. वाटलं, ती सांगन न् फोन ठेवून देईन. मेथी किती ते सांगितलं, मंग हळूच म्हणाली, "तुम्ही वेळेवर जेवता ना?" मी मेथीचंच पुन्हा विचारून फोन ठेवला.

म्हणून मौद्याच्या बसनं चाललो. भाजी झाकून ठेवली आहे. उत्तर तिच्यासमोर बसूनच देतो. संगं येते का, पाहतो.

बाबा