तळ्याचा उतार

३ मार्च

ती. ताईस, सा. न. वि. वि.

तू आखलेलं तळं काठोकाठ भरलं. बागेत शिरणारा प्रत्येक जण आधी तिकडेच वळतो आणि हे माझ्या बहिणीचं काम, असं मी हेडमाळी सगळ्यांना सांगत फिरतो.

एकच घोर लागलाय. काठाची भिंत सरळ उभी आहे. काल बदकीण नऊ पिल्लं घेऊन पाण्यात उतरली, पण पिल्लांना वर चढता येईना. आज सकाळी त्यातली सहा मरून तरंगत होती. तीन मी टोपलीनं काढली आणि भिंतीला फळ्या टेकवल्या. खरं तर हे तक्रारवहीत लिहायला हवं. पण वही थेट साहेबांकडे जाते, तुझ्या नावाला बट्टा लागेल. म्हणून घरचं घरी कळवतो. काठाला उतार करून दे.

लोभ आहेच, तो आटू देऊ नकोस.

तुझा धाकटा

९ मार्च

चि. धाकट्यास, अ. उ. आ.

वहीत लिहिलं नाहीस, शहाणा आहेस. फळ्या मात्र आजच काढ. पुढच्या आठवड्यात उद्घाटन आहे, फोटोत माझ्या तळ्याचा धोबीघाट दिसायला नको. लहानपणी एका मेलेल्या चिमणीपायी दोन दिवस जेवला नव्हतास, अजून तस्साच आहेस. बदकं काय, पुन्हा अंडी घालतील. उद्घाटन उरकलं की उतार बांधू, शब्द देते.

भावजयीला आशीर्वाद. तुझ्यावर जीव आहे म्हणून रागावते.

ताई

२० मार्च

ती. ताईस, सा. न. वि. वि.

तुझ्या सांगण्यावरून फळ्या काढल्या. उद्घाटनाला शाळेची मुलं काठावर उभी होती. त्यांच्या डोळ्यांदेखत दुसऱ्या बदकिणीची पिल्लं दमून एकेक करत बुडाली. मी पाण्यात उतरलो, तर पाहुण्यांसमोर तमाशा नको म्हणून साहेबांनी बाहेर बोलावलं. मुलं रडत घरी गेली.

आता चौकशी लागलीय आणि सगळं माझ्यावर शेकतंय. नोकरी गेली तर बागेतली खोलीही जाईल, म्हणून ही रडत असते. मी तिला सांगितलं, ताईला सगळं ठाऊक आहे, ती बोलेल.

तुझ्याच भरवशावर,

धाकटा

२५ एप्रिल

चि. धाकट्यास, अ. उ. आ.

माळ्यानं कधी कळवलं होतं का, असं चौकशीत मला विचारलं. मी वही पुढे ठेवली. त्यात तुझी एक ओळ नाही, तेव्हा मी काही खोटं बोलले नाही. तुझी पत्रं जाळली. घरची गोष्ट घरीच राहावी, हे तुझंच म्हणणं.

खोली महिनाअखेर रिकामी करा. इतक्यात आमच्याकडे येऊ नका, बरं दिसणार नाही.

उतार बांधून झाला. माझी ही कल्पना साहेबांना फार आवडली. तुझ्या जागी आलेला माळी सांगत होता, बदकीण सगळी पिल्लं घेऊन सुखरूप वर आली. ऐकून तुला आनंद होईल, म्हणून मुद्दाम कळवलं.

माया होती तशीच आहे, मनात किंतु आणू नकोस.

ताई