उपाशी ज्योत

आई, आज सकाळपासून डोकं जड आहे, म्हणून बाहेर उणे तीस असताना खिडकी उघडून लिहायला बसलेय. माझ्या या घरात विजेची शेगडी आहे. तिला ज्योतच नाही, नुसती काच लाल होते. तुला ती मुळीच पटली नसती. मी नववीत असताना तू गेलीस, त्यामुळे कॅनडातलं हे विनिपेग, माझं विद्यापीठ, इथला बर्फ, यातलं काहीच तुला ठाऊक नाही. तरी एक दुपार तुला सांगायची राहिलीये.

एमएससीच्या पहिल्या वर्षी नागपूरची एक मैत्रीण आणि मी एका बेसमेंटमध्ये राहायचो. वरती घरमालक, निवृत्त इंजिनिअर, मराठीच आणि स्वभावानं भले. आमची मोहरी तडतडली की छतावरचा अलार्म केकाटायचा आणि काका जिना उतरून यायचे. एकदा त्यांनी हॉटेलातून आणलेली अंघोळीची प्लास्टिकची टोपी स्वतःच त्या अलार्मला चढवली. "फोडणीपुरतं कव्हर करत जा गं. वरती तुमच्या काकूचं मायग्रेन ट्रिगर होतं." आम्ही पोट धरून हसलो. फोडणी रोजचीच, म्हणून टोपीही कायमची राहिली. तो अलार्म नुसत्या धुराचा नव्हता, विषारी वायूचाही होता, हे कुणाच्या ध्यानात आलं नाही.

फेब्रुवारीत दोघींचं डोकं दुखायला लागलं. लायब्ररीत गेलं की थांबायचं, घरी आलं की पुन्हा सुरू. आम्ही थंडीला बोल लावला, मग थीसिसला लावला. विद्यापीठातल्या समुपदेशक बाईंनी मला हळुवारपणे, घरची फार आठवण येते का, असं विचारलं. परदेशी मुलांना बहुधा तेच विचारतात. वास मात्र कसलाच नव्हता, आणि वास नाही म्हणजे गॅस नाही, हे आपल्याकडे शेंबडं पोरही सांगेल. मी तुझ्यासारखं नाक वर करून हुंगायचे आणि निर्धास्त व्हायचे.

त्या रविवारी दुपारी लायब्ररीतून आले, तर मैत्रीण अजून झोपलेलीच. "झोपू दे न गं, डोकं फुटून राहिलं," जड जिभेनं एवढंच बोलली. वॉशरूमकडे जाताना घर गरम करणाऱ्या गॅसच्या फर्नेसच्या जाळीतून उजेड हलताना दिसला. पिवळा.

आणि मी आपल्या स्वयंपाकघरात उभी आहे, दुसरीत असेन. गॅसची ज्योत पिवळी झालीये, छान दिसते म्हणून मी बघत बसलेय. तू पाठीत सणसणीत धपाटा घालतेस. "पिवळी ज्योत उपाशी असते. तिला हवा पुरली नाही की ती तुझी खाते. आधी खिडकी उघड, मग बाकीचं."

बेसमेंटची खिडकी बर्फाखाली गाडलेली होती. मी मैत्रिणीला काखेत धरून जिन्यावरून ओढत वर नेलं, काका-काकूंना ओरडून बाहेर काढलं. तिच्या पायात मोजेसुद्धा नव्हते. अंगणातल्या बर्फात बसवल्यावर बऱ्याच वेळानं तिनं डोळे नीट उघडले, तोवर मी जिवाच्या आकांतानं तिचे तळवे चोळत होते. फर्नेसची चिमणी बर्फानं बुजली होती आणि कार्बन मोनॉक्साइड, ज्याला वासच नसतो, घरात कोंडला होता. बंबवाला ती प्लास्टिकची टोपी अलार्मवरून काढून वर घेऊन आला आणि मला म्हणाला, "यू डिड गुड."

ती वाचली. आता टोरंटोकडे नोकरी करते, फोन करते. काका रडले, समुपदेशक बाईंनी जवळ घेतलं, सगळे म्हणाले तुझी काहीच चूक नाही. आता माझ्याकडे दोन अलार्म आहेत, दोन्ही उघडे, आणि आत्ता दोन्ही गप्प आहेत. तरी मी मान वळवून शेगडीकडे बघते, आणि तिथे बघायला काही नसतं.

हे मी कुणाजवळच बोलले नाही. त्या दिवशी मला शाबासकी नको होती गं, तुझा धपाटा हवा होता. अजूनही हवाय.