अकरा ग्रुप आणि रेहानाचाची

४ मे, साखरा
कॉलेज सोडलं ते बरंच झालं. भास्करकाकांच्या मोबाइल चॅनलवर वैशाली बातम्या वाचते, मी कॅमेरा धरतो. आज ती वाचता वाचता हसली. लेन्सकडं, म्हणजे माझ्याकडंच. बराबर?
सांजेला दोस्त गण्यानं पोरांच्या ग्रुपवर व्हिडिओ टाकला. बांगड्यावाले मनियार पोरींना मारून राहिले, कळमनुरीत म्हणे. डोकंच फिरलं. ‘यांना गावात घुसू देऊ नका’ लिहून अकरा ग्रुपांवर सोडला. गण्या म्हणे, वाघ हैस.

५ मे
वै.च्या ताईचं लग्न ९ ला. चुडा भरायला पुसेगावच्या रेहानाचाची येणार होत्या, मनियारच त्या. वै.च्या आईचाही त्यांनीच भरलेला. आज त्यांचा फोन, ‘न्हाई येत बेटा. व्हिडिओ फिरून राहिला, लेकं नको म्हनतेत.’
वै. तापली. ‘कोन्या गाढवानं पाठवला असंल?’
मी ट्रायपॉडचा स्क्रू आवळत बसलो. आवळलेलाच होता.

६ मे
व्हिडिओ पहिल्यांदाच शेवटपर्यंत पाह्यला. दुकानाच्या पाटीवरची अक्षरं आपल्या मुलखातली न्हाईतच! काकांना सांगून टाकलं, वै.समोरच.
‘तू?’ एवढंच बोलली.
काका म्हणे, ‘आता तूच कॅमेऱ्यासमोर उभा रहा. भाषण नको, रडणं नको. काय केलं, कसं कळलं, तेवढं बोल.’
कॅमेरा वै.नं धरला. चार टेक. ‘खाली काय बघतो? वर बघ!’ सांजेला चॅनलवर टाकला, त्याच अकरा ग्रुपांवरही.
गण्यानं ग्रुपमधून काढलं. आधी शिव्या दिल्या, मग काढलं. मला उलट द्यायला सवडच न्हाई. हात शिवशिवतेत अजून.

७ मे
चाचींचा निरोप, ‘येते. पन ज्यानं पाठवला त्यानंच घ्यायला यावं.’
गेलो. दोन्ही लेकं दारातच उभी. आतून चाची, ‘हाच का? मोबाइलात जाडा दिसत होता.’
माफी मागायला तोंड उघडलं तं म्हणे, ‘पेटी उचल. हळू! काच हाय.’
गाडी वीसच्या वर न्हाई. खड्डा आला की मागून ‘या अल्ला’, पुढून ‘मारुतीराया’. एक बांगडी फुटली न्हाई.
ताईचा चुडा भरला. वै.नंही हिरव्या भरल्या. मला पान्याचं सुद्धा विचारलं न्हाई तिनं.

१० मे
लग्न झालं. सकाळीच गण्याचा मेसेज, ग्रुपवर न्हाई, एकट्याला: ‘अजून एक व्हिडिओ आलाय. पुसेगावचा म्हने. खरा असंल का बे?’
लिहिलं, ‘पाठवू नको. जाऊन बघतो.’
वै.ला मेसेज दाखवला. चार दिवसांनी बोलली, ट्रायपॉड खांद्यावर घेत:
‘चार्जिंग किती हाय तुझ्या फोनला?’