अक्कम्माच्या अंगणातली टाकी

शुक्रवार पेठ, सोलापूर
बुधवार

आदरणीय एस्तेरताईंना विजयमालेचा ख्रिस्तात सलाम.

करमाळ्यात तुम्ही आणि तुमचा गुडघा, दोघेही ठीक असाल अशी आशा आहे. आम्ही प्रभूच्या दयेने सुखरूप आहोत. फोनच केला असता. पण मी फोनवर बोलू लागले की तुमचे बंधू शेजारी बसून ऐकतात आणि मधेमधे दुरुस्त्या सांगतात. म्हणून पत्र.

गुरुवारी संध्याकाळी वादळ आलं. आधी धूळ, मग वारा, मग लाइट गेली. तुमच्या बंधूंनी मला समोर बसवून उपकारस्तुती सुरू केली. त्यांची पद्धत तुम्हाला ठाऊक आहे: जे घडेल त्याबद्दल तिथल्या तिथे आभार. गारा पडल्या, तेव्हा गारव्याबद्दल आभार. पत्रा गळू लागला, तेव्हा तो पलंगावर गळत नाही याबद्दल आभार. (मग तो पलंगावर गळू लागला. आम्ही पलंग ओढला. पलंग हलका असल्याबद्दल आभार.) एक वीज इतक्या जवळ कडाडली की माझं आमेन भलत्याच जागी पडलं. त्यांनी डोळे न उघडता माझा हात धरला आणि वादळ ओसरेपर्यंत सोडला नाही. हा विषय त्यांच्याकडे काढू नका; मीच त्यांचा धरला होता असं त्यांचं म्हणणं आहे.

वादळ ऐन जोरात असताना न्हाणीच्या स्लॅबवरून धडधड ऐकू आली. ती आमची पाण्याची टाकी. तिला तार बांधा असं मी ईस्टरपासून सांगत होते. राखणारा समर्थ आहे, असं उत्तर मिळायचं. टाकी भिंतीपलीकडे गेली. ती रिकामी होती म्हणून कुणाला लागलं नाही, याबद्दल त्यांनी आभार मानले. (भरलेली असती तर उडालीच नसती. पण नळाला रोज पाणी येईल ते सोलापूर कसलं, आणि प्रार्थनेत मधे बोलायचं नसतं.)

सकाळी पाहिलं तर टाकी अक्कम्माच्या अंगणात उभी. अक्कम्मा म्हणजे पलीकडची, कडक भाकऱ्या करून विकते ती. तिने टाकीवर पन्हळ सोडून ती पावसाच्या पाण्याने भरूनही घेतली होती.

"बाई, आभाळातनं आली की हो!"

मी म्हटलं, अक्कम्मा, ती आमची आहे.

"तुमची कशी? वाचा की वर." वर तुमच्या बंधूंनी पांढऱ्या ऑइलपेंटने लिहिलेलं आहेच: प्रभूचे दान. मग ती पोट धरून हसली. "मालकास्नी धाडा. त्यांनी मागितली की लगीच देते."

एवढंच करायचं होतं. पण रविवारी त्यांनी देवळात साक्ष दिली: प्रभूने आपली टाकी नेऊन आपला धीर पारखला, आणि आपण आनंदाने सोडून दिली. दोन बायका रडल्या. पाळकसाहेबांनी पुढच्या रविवारची उपकारस्तुतीची सभा आमच्याच घरी ठेवली. सगळी मंडळी, सगळ्यांना चहा, आणि घरात पाणी एक घागर. टाकी मागू म्हटलं तर म्हणतात, मग साक्षीचं काय? तेव्हा मी रोज कळशी घेऊन भिंतीशी जाते आणि अक्कम्मा म्हणते, "घ्या, दानातलं दान."

असो. गुडघ्याला जपा. तुमच्या प्रार्थनेत आमचं नाव असू द्या.

तुमची,
विजयमाला

ता.क. सभेला तुम्ही याच, आणि शनिवारी या. थोरली बहीण म्हणून त्यांना हाताला धरून अक्कम्माच्या दारात उभं करा. तुमच्यापुढे ते साक्ष काढणार नाहीत. येताना जाड तार आणा.

आ.ता.क. पाकीट चिकटवणार तोच होटगीच्या बाजूने आभाळ काळं झालं. तुमचे बंधू उठून बाहेर गेले. थोड्या वेळाने मी भिंतीवरून डोकावले, तर माझी कपडे वाळत घालायची तार सोडवून नेऊन ते अर्ध्यावर आलेली टाकी अक्कम्माच्या लिंबाला बांधत होते. ओठ हलत होते, हात पीळ देत होते.

"काय ओ, देव राखतो म्हनत होता की तुमी?"

"राखतो ना. तुम्ही ते टोक धरा, अक्कम्मा."

तिने धरलं. मग म्हणाली, "रविवारी च्याचं पानी हितनंच न्या. पर मला बी बोलवा की."

म्हणून तार आणू नका. नुसत्या या. ते आत आलेत, हात पुसून उपकारस्तुतीला समोर बसलेत. पेन ठेवते, उजवा हात लागेल.