तोंड कोरडं ठेवा

६ मे १९६८, सोमवार
कारखान्यातली टाकी धुवायला सुरुवात. अ‍ॅसिडची टाकी, म्हणून आत उतरणाऱ्याला रबरी पोशाख. अंगभर, वर मुखवटा, हातमोजे, गमबूट. टोळीतले लोक त्याला ‘सोंग’ म्हणतात. सोंग उतरवलं की थेट माझ्याकडे, दवाखान्याच्या दारात; तोंडात थर्मामीटर. पारा शंभराच्या वर गेला तर त्या दिवशी पुन्हा आत नाही, असा नियम.
आज सगळे अठ्ठ्याण्णवच्या आसपास. या उन्हात? लोणावळ्याहून निघताना बरं असतं, वडगावला उतरलं की भट्टी. माझंच डोकं सकाळपासून तापलंय आणि ही माणसं मात्र थंडगार!

८ मे
आजही तेच. मॅनेजर साहेब खूश. “सिस्टर, तुमच्या आकड्यांनी काम सोपं केलं.” आत राहायची वेळ वीस मिनिटं होती, ती दुप्पट केली. मी मान हलवली. का हलवली कोण जाणे.
धर्मा (वरच्या ठाकरवाडीचा, बदली कामगार) बाहेर आला तो लालबुंद. बूट उपडा केला तर घामाची धार. पारा साडेअठ्ठ्याण्णव. थर्मामीटर बदलून बघितलं, तेच. काहीतरी चुकतंय. डबा तसाच परत नेला. आईची बोलणी.

९ मे
धर्मा पडला.
माझ्याकडून उठून अंगणापर्यंत गेला आणि कोसळला. आत्ताच तर अठ्ठ्याण्णव होता! कपाळाला हात लावला, चटकाच बसला. ओल्या चादरी, कॅन्टीनमधला बर्फ, दोघं पुठ्ठ्यानं वारा घालतायत. जरा सावध झाल्यावर पुन्हा थर्मामीटर लावलं. एकशे तीन! तोंड तेच, थर्मामीटर तेच.
“मघाशी अठ्ठ्याण्णव कसं आलं?” मी ओरडलेच. टोळीचे मुकादम गणपतआबा शांतपणे म्हणाले, “तवा त्यानं चूळ भरली व्हती ना, बाई.”
“कसली चूळ?”
“तंबाखूचं तोंड तुमच्या म्होरं उघडायचं कसं? समद्यास्नी सांगून ठिवलंय म्या. बाईकडं जायाच्या आदी माठावर चूळ भरायची, मगच आत.”
माठ माझ्याच दाराशी. ओलं फडकं गुंडाळून तिथं मीच ठेवायला लावलेला, बाहेर आल्या आल्या लोकांना गार पाणी मिळावं म्हणून. म्हणजे इतके दिवस मी माठातलं पाणी मोजत होते. हसावं की रडावं कळेना. राग कुणावर काढायचा? इतक्या अदबीनं मला कुणी फसवलं नव्हतं.

१० मे
मॅ. साहेबांना सांगितलं, आत्तापर्यंतचे सगळे आकडे खोटे. ते म्हणाले, “ते वर कळवून झालेत हो.” मग, “एक माणूस पडला म्हणून…” पुढचं वाक्य त्यांनी गिळलं. फोनवर कारखान्याचे पुण्यातले डॉक्टर म्हणतात, तोंडात लावूच नका, खरा ताप मागच्या बाजूनंच कळतो. म्हटलं, तुम्हीच या आणि लावा.
शेवटी सांगून टाकलं, जुनी वेळ परत येईपर्यंत मी मोजणार नाही. मी मोजल्याशिवाय कुणी आत जात नाही, हाही नियमच. काम बंद. वाटलं होतं, टोळीला बरं वाटेल. कुठलं काय! सगळ्यांनी माझ्याकडे पाठ फिरवली. एकटे आबा बोलले, “बाई, टाकी पुरी झाली तर धर्माला कायम करनार हायेत. ठाव हाय का तुमास्नी?”
नव्हतं ठाऊक.

१२ मे, रवि.
भुशीपर्यंत चालत गेले, तशीच परत. धरणात पाणी तळाला गेलंय. घरी आले तर पुन्हा येरझारा. आई म्हणाली, “एका जागी बस की गं, मला घेरी येते बघून.” बसले. परत उठले. चारचारदा स्वतःच्याच कपाळाला हात लावून बघते.

१३ मे, सोम.
मॅ. साहेब नमले. वीसच मिनिटं, आणि आत जाण्याआधीही मोजायचं. माठ उचलून माझ्या टेबलापाशी आणला. फर्मान काढलं: तंबाखू थुंका, पण पाण्याला शिवू नका, पाणी मोजून झाल्यावर, हवं तेवढं. “मग वास सोसा, बाई,” कुणीतरी म्हणालं. सगळे हसले. मीही. शुक्रवारचा अबोला सुटला, फार बरं वाटलं.
रांगेत पहिला धर्मा. मी नको म्हणत होते, तरी आलाय. सोंग अजून हातावरच. मान खाली घालून तोंड उघडलं.
एकशे एक.
“घरी ताप होता का रे?”
“न्हाई.”
“खरं सांग.”
मान आणखी खाली. मागची रांग चुळबुळ करतेय. आबा उगाच छताकडे बघतायत. दोन अक्षरं खरडायच्या निमित्तानं मी ही वही पुढ्यात ओढलीये. शंभराच्या आत असेल तरच सोंग. नियम मीच भांडून मिळवला.
आणि आत्ता तो हळूच म्हणतोय, “बाई, चूळ भरून येऊ का? मग लावा.”
माठ माझ्या हाताशी आहे. वर पेला पालथा घातलेला. तो पेल्याकडे बघतोय.