ई-क्लासवरचा चुना

ती. सौ. प्रेमलतामामींना,

मिनलचा नागपूरहून नमस्कार. माहेरी काटोलला तुमच्या गुडघ्याला आराम पडला असेल, अशी आशा आहे. मी ठीक आहे, म्हणजे वेळेवर जेवते आणि ऑफिसला जाते.

तुमच्या गावी जे झालं ते मामा फोनवर सांगतीलच, पण त्यांच्या सांगण्यात मामाच जास्त असतात, म्हणून मी क्रमाने लिहिते. गावाच्या ई-क्लासवर, म्हणजे ढोरं चरतात त्या सरकारी जमिनीवर, आमची कंपनी एक चाचणी-बोअर मारणार होती, खालच्या कोळशातून गॅस निघतो का ते पाहायला. त्यावर गावात दोन पक्ष पडले. ताराचंदसेठ म्हणतात, गॅस आला की कारखाना येईल (कशाचा, ते अजून ठरलेलं नाही). मामा म्हणतात, चराईचा इंचही देणार नाही. आणि जागा आखायला ऑफिसने मला पाठवलं. (मामांचं नातं मी लेखी कळवलं होतं. साहेबांनी त्यावर 'उत्तम' असा शेरा मारला.)

मी चुन्याचा एक चौकोन आखला, कोपऱ्यांना खुंट्या ठोकल्या आणि परतले. पाटी लावायची राहिली. सरकारी जमिनीवर चुना दिसला म्हणजे प्लॉट पडले, असा तुमच्या गावाचा समज. ग्रामसभेच्या दिवशी पोचले तर माझा चौकोनच सापडेना. ज्याने त्याने आपापला प्लॉट आखलेला, सगळ्या चराईवर चुना, दोऱ्या, खुंट्या. एका जागी तर तुळशीवृंदावन. ढोरं रस्त्यावर उभी.

सभेत मामा चराईवर फार सुरेख बोलले. ताराचंदसेठ उठले, "मधुकरराव, तुमचेच लोकं तिथं खुंट्या ठोकून राहिले, अन् आमाले काहून शिकवता जी?" मागून कोणी ओरडलं, "मंग ते तुळस कोणाची हाय, सेठ?" सेठ बसले. मग मनकर्णाबाई (यांच्या म्हशी त्याच चराईवर जगतात) माझ्याकडे वळल्या. "काहून वं पोरी, तुया मशिनीले जागा किती लागते?" मी म्हटलं, या मांडवाएवढी. "अन् या साऱ्यायले?" मी म्हटलं, अख्खी चराई पुरली नाही. सभा पहिल्यांदा हसली, दोन्ही बाजूंनी.

मग मी सांगितलं, की कोळशाचा तोच थर जुन्या गिट्टीखदानीखालीही आहे आणि तिथे गवताची काडी उगवत नाही. ठराव झाला: बोअर खदानीत, विहिरींचं पाणी आधी आणि नंतर तपासून आकडे ग्रामसभेत वाचायचे, आणि चराईची मोजणी होण्याआधी सगळ्या खुंट्या काढायच्या. एकही राहिली तर ठराव रद्द. सगळे हात वर गेले. मला आनंद झाला, असं म्हणायला हरकत नाही.

तुमची,
मिनल

ता. क. सेठांनी तुळस घरी नेली. आता एकच प्लॉट उरला आहे. पाटीवर नाव तुमचं, अक्षर मामांचं. विचारलं तर म्हणाले, "तुया मामीसाठी सरप्राईज हाय, सांगू नको." मोजणी सोमवारी आहे.

आणखी ता. क. भाची म्हणून विनवलं तर म्हणतात, तू कंपनीची माणूस. कंपनीकडून बोलले तर म्हणतात, भाची असून असं? तुम्ही यातल्या कोणीच नाही. मामांना आजच फोन करा.