ओली पळी

कावेरी,

तीन दिवस झाले, आजीचा ताप उतरत नाही, म्हणून तिला बैलगाडीनं वसमतच्या दवाखान्यात नेतो आहे. तू आईबरोबर शेतातून येशील तोवर आम्ही हट्टा गावाच्या पुढं गेलेलो असू. डोळे मिटून येतात, म्हणून अक्षर वाकडं आलंय. तू असं लिहिलं असतंस तर मी पाटी पुसायला लावली असती.

आजीनं तापातच मिरच्या चिरून सुपात ठेवल्यात. त्या उद्यापर्यंत टिकायच्या नाहीत. लोणचं आजच घाल, आणि तूच घाल. बरणी उन्हात वाळव. मिरच्यांना मीठ, मोहरी नि लिंबू चोळ. करडीचं तेल कडकडीत तापवून पुरतं गार कर आणि मिरच्यांवर दोन बोटं येईल इतकं ओत. पाण्याचा थेंब लागू देऊ नको. बुरशी येते ती पाण्यानं.

"पोरगी बाहेरची असताना बरणीला शिवली, म्हणून नासलं. दुसरं काय व्हय?" असं गेल्या वर्षीच्या लोणच्यावरून आजी वर्षभर म्हणून राहिली, आणि तू बरणीच्या वाऱ्यालाही उभी राहिली नाहीस. लेकरा, तू शिवलीस त्याच्या आदल्या दिवशी ताकातली पळी मीच तशी ओली बरणीत घातली होती. आजीच्या तोंडाला भिऊन गप्प बसलो. गावाच्या पोरांना खरं बोलायला शिकवलं, घरात मात्र जमलं नाही.

आज तिला गाडीतच सांगतो. ऐकायला ती शुद्धीवर राहो, एवढंच. मग तिनं मला खाली उतरवलं तरी चालेल, पायी येईन.

आजोबा